खाण्याआधीची पाच मिनिटं

माझी मान घासून घासून आईची बोटं दुखायची. दर रविवारी ती मला न्हाणीत बसवायची. आधी लिंबाची फोड, मग बेसन, मग वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. मानेच्या मागे, वेणीच्या खाली, एक काळपट, जाडसर पट्टा आला होता आणि तो काही केल्या निघत नव्हता.

"कावून नीट न्हात न्हाईस गं? नववीतली पोर तू, मानेवर एवढा मळ?"

मी ओरडायचे, कारण कातडी सोलवटून रक्त यायचं. आईही वैतागायची. आम्ही दोघी वर्षभर त्या पट्ट्याशी भांडत होतो. तो मळ नव्हताच. जे चाललं होतं ते कातडीच्या खूप आत चाललं होतं, आणि मला तर काही दुखत नव्हतं.

मी प्रतीक्षा. आज एकवीस वर्षांची आहे, बीडला नर्सिंग शिकते. ज्या मुलामुलींना वजनामुळे दवाखान्याची पायरी चढावी लागते त्यांच्यासाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांसाठी, हे लिहिते आहे. मी बरी झाले असं मात्र म्हणणार नाही. या आजाराला तो शब्द लागू पडत नाही. मी सांभाळते आहे, एवढंच खरं.

काट्यावर

आमचं घर मांजरसुंब्याला, हायवेच्या फाट्यापासून हाकेच्या अंतरावर. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फाट्यावर ढाबा आहे. शेवभाजी, पिठलं-भाकरी आणि रबडी. मी बीडच्या शाळेत जायचे. एसटीतून उतरले की सरळ ढाब्याच्या मागच्या दाराने भटारखान्यात. अण्णा चुलीपुढूनच म्हणायचे, "आली का माझी लेक? ये, तुझ्यासाठी काढून ठेवलंय." जे काढून ठेवलेलं असेल ते मी उभ्याउभ्याच खायचे. घरी जाऊन परत जेवायचे.

दहावीत शाळेत तपासणीला पथक आलं. काट्यावर शहाण्णव किलो भरले. सरांनी आकडा मोठ्याने वाचला, कारण त्यांना तो लिहून घ्यायचा होता. वर्ग हसला. तपासणाऱ्या डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझी वेणी बाजूला केली, मानेकडे पाहिलं, दोन्ही काखा पाहिल्या आणि एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं.

"वडिलांना घेऊन दवाखान्यात जा. याच आठवड्यात."

"काय झालंय, मॅडम?"

"याच आठवड्यात," त्या परत म्हणाल्या.

दुसरा मजला

बीडच्या त्या दवाखान्यात सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं, पोटाची सोनोग्राफी झाली, दंडाला तीनदा पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला. दुपारी डॉक्टरांनी आत बोलावलं. वयस्कर, हळू बोलणारे. कागद पाहता पाहता त्यांनी विचारलं, "घरात साखर कुणाला आहे?"

"मला हाय थोडी," अण्णा म्हणाले. "बहिणीला हाय."

"बहीण कशी आहे?"

अण्णांनी छताकडे पाहिलं. कमल आत्या त्या वेळी त्याच इमारतीत होती, आमच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर. गेवराईहून आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला आणायचे.

डॉक्टरांनी कागद खाली ठेवले. मग म्हणाले, "मानेवर मळ नाहीये तो. साखर आवरताना शरीराची ओढाताण होते, तेव्हा कातडी अशी होते. हिची साखर हद्दीवर आहे, अजून ओलांडलेली नाही. लिव्हरवर चरबी आहे. रक्तदाब या वयात असायला नको एवढा आहे. आणि हिला काहीच दुखत नाही. मला काळजी त्याचीच आहे."

"खात्यापित्या घरची पोर हाय, डॉक्टर," अण्णा कसनुसं हसले. "लग्न झाल्यावर उतरंल."

"तोवर थांबता येणार नाही."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, आलोच आहोत तर वन्संना भेटून जाऊ. वरच्या खोलीत चार पलंग होते आणि प्रत्येकाजवळ एक यंत्र घरघरत होतं. आत्याच्या दंडावरची शीर दोरखंडासारखी फुगली होती. ती अण्णांपेक्षा पाच वर्षांनी लहान, पण थोरली दिसायची.

"तू कावून आलीस गं हितं?" तिने मला विचारलं.

आईने सांगितलं. आत्याने मोकळ्या हाताने मला खूण केली, मागं फिर. मी फिरले. तिने माझी वेणी उचलली. त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"वहिनी, माझी बी अशीच होती," ती म्हणाली. "हिच्याएवढी असताना. माय राखेनं घासायची."

मग माझं मनगट धरून ती आईला म्हणाली, "हिला माझ्याकडं येऊ देऊ नका."

मला वाटलं, आत्या चिडली. घरी येईपर्यंत मी हेच धरून बसले की ती माझ्यावर का चिडली. ती त्या पलंगाबद्दल बोलत होती, हा अर्थ लागायला फार दिवस लागले.

माझे तीन आठवडे

मग मी जे केलं ते कुणी करू नये. मी जेवण तोडलं. सकाळी चहा, दिवसभर पाणी, कधी काकडी. आईला सांगायचे शाळेत खाल्लं, मैत्रिणींना सांगायचे घरून खाऊन आले. कपडे सैल झाले तेव्हा आईच्या चेहऱ्यावर आनंद दिसला आणि मी आणखी कमी केलं. डोळ्यांपुढे ते यंत्र असायचं.

एकविसाव्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेत मी पडले. दात ओठात घुसला, चार टाके पडले. त्याच संध्याकाळी मी भटारखान्यात शिरले आणि खायला लागले. भाकरी, शेव, गार भाजी, रबडीच्या पातेल्याच्या कडेची साय. ओठाचे टाके ओढत होते, तोंडात रक्ताची चव होती, आणि मला थांबता येत नव्हतं. पोट दुखायला लागलं तरी हात चालूच. त्या दिवशी मला आजाराची भीती वाटली नाही. मला माझ्या हातांची भीती वाटली.

दोन-अडीच महिन्यांत मी शंभरी ओलांडली.

डॉक्टर रागावतील म्हणून मी जायला तयार नव्हते. आईने ओढत नेलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "चूक माझीही आहे. काय खाऊ नको ते मी सांगितलं. ते जमवायचं कसं, ते नाही सांगितलं." आणि त्यांनी मला व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत पाठवलं.

गुरुवार

त्या खोलीत शेख मॅडम बसायच्या. समुपदेशक. चाळिशीच्या, बारीक चष्मा, बीडच्याच. खोलीत वजनकाटा नव्हता, हे मी सगळ्यात आधी पाहिलं. पंखा खडखडायचा. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसायची. पुढची दोन वर्षं मी बहुतेक गुरुवारी तिथे होते.

त्यांनी पहिल्या दिवशी मला एक शंभर पानी वही दिली. "काय खाल्लंस ते लिही. पण मला त्याच्या आधीची पाच मिनिटं जास्त हवी आहेत. कुठे होतीस, कोण होतं, काय बोलणं झालं, पोटात भूक होती का. एवढंच."

पहिल्या आठवड्यात मी खोटं लिहिलं. दोन चपात्या, वाटीभर वरण, सॅलड. मॅडमनी पानं चाळली आणि वही परत दिली.

"ही मला खूश करायला लिहिलीस ना?"

मी मान खाली घातली.

"मला खूश करून तुला काय मिळणार आहे? जा, खरी लिहून आण. कितीही घाण असू दे."

दुसऱ्या आठवड्यात खरी लिहिली. मॅडमनी लाल पेनने सहा ठिकाणी गोल केले. सोमवार ते शनिवार, सहाही दिवस, साडेचार वाजता. सहाही वेळा 'भूक'च्या पुढे मीच लिहिलं होतं: नाही.

साडेचारला काय व्हायचं? मी फाट्यावर उतरायचे. टपरीजवळ गाड्यांवर पोरं बसलेली असायची. त्यातला एक रोज ओरडायचा, "जेसीबी आली बे, रस्ता सोडा!" बाकीचे हसायचे. कुणी तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचा. तिथून ढाब्याचं मागचं दार शंभर पावलांवर. ती शंभर पावलं मी कशी चालायचे हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. दारात अण्णांची हाक, पुढे ताटली. पहिला घास गेला की कानातलं हसणं बंद व्हायचं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी हावरट आहे.

मॅडमनी कागदावर एकापुढे एक चौकोन काढले. एसटी, पोरं, लाज, मागचं दार, हाक, ताटली. "यातलं तुझ्या हातात काय आहे? पोरांची तोंडं नाहीत."

आम्ही दारापासून सुरुवात केली. ठरलं असं की आई मला घ्यायला थांब्यावर येईल, आम्ही ढाब्याकडे न जाता मागच्या गल्लीने घरी जाऊ. हातपाय धुवायचे. चहा प्यायचा. आज काय झालं ते एका वाक्यात आईला सांगायचं. मग दहा मिनिटं थांबायचं, आणि भूक असेल तर ताटात घेऊन, खाली बसून खायचं. उभ्याने एक दाणाही नाही.

ऐकायला सोपं आहे. आईला सगळ्यात अवघड गेलं ते माझं एक वाक्य ऐकणं. मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती पदर खोचून त्या पोरांकडेच निघाली होती. मग ती म्हणायला लागली, "मनावर घेऊ नको." मॅडमनी तिलाही बोलावून सांगितलं, काहीच म्हणू नका, नुसतं ऐका. आई ऐकायला शिकली. ऐकताना ती माझ्याकडे न बघता गहू निवडायची, पण ऐकायची.

महिनाभर वजन ग्रॅमभरही हललं नाही. मी रडले. मॅडम म्हणाल्या, "मी वजन मोजतच नाहीये. किती दिवस सरळ घरी गेलीस?"

पहिल्या आठवड्यात दोन. चौथ्यात पाच.

पहाटे आई आणि मी कपिलधारच्या रस्त्याने चालायला लागलो. आई जन्मात कधी कामाशिवाय घराबाहेर पडली नव्हती. बायका विचारायच्या, "मायलेकी कुठं निघाल्या?" आई आधी लाजून "दर्शनाला" म्हणायची. मग एक दिवस म्हणाली, "कुठंच न्हाई. चालायला." आणि स्वतःच हसली. त्या काळातलं तिचं एवढं एक हसणं मला आठवतं.

ओंकार

गुरुवारी व्हरांड्यात आणखी काही मुलं असायची. ओंकार त्यातला, सतरा वर्षांचा, एका पुढाऱ्याचा मुलगा. गाडीतून यायचा. नकला फार छान करायचा, शेख मॅडमची तर हुबेहूब. त्याच्या वडिलांना निकाल लवकर हवा होता. एक दिवस तो म्हणाला, "मी आता येत न्हाई. पप्पांनी पावडर आणलीय. महिन्यात दहा किलो."

खरंच उतरले त्याचे. फोटो पाठवला त्याने, गालफडं बसलेली. माझे तोवर अडीच किलो उतरले होते. मला त्याचा इतका हेवा वाटला की मी त्या पावडरचं नाव विचारलं. त्याने पाठवलंही. तो मेसेज मी आठवडाभर रोज उघडून पाहत होते.

मग एका गुरुवारी तो दवाखान्यात दिसला, पण आमच्या व्हरांड्यात नाही. चाकाच्या खुर्चीत. डोळे हळदीसारखे पिवळे. त्याने मला ओळखलं, हात वर करायचा प्रयत्न केला. त्याची आई खुर्ची ढकलत पुढे गेली. नंतर त्याला संभाजीनगरला हलवलं असं कळलं. त्यापुढचं मला माहीत नाही. त्याचा नंबर लागत नाही.

अण्णा

मॅडम पहिल्या महिन्यापासून सांगत होत्या, वडिलांना आणा. अण्णा यायचे नाहीत. "ढाबा कोन बघनार?" म्हणायचे. एकदा त्यांनी माझ्यापुढे रबडीची वाटी ठेवली. मी म्हटलं, "अण्णा, आता नको." त्यांनी वाटी उचलली, बाहेर कुत्र्यापुढे ओतली आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी आई फुटली. "तुमी मारून टाकनार हाव का तिला?"

"मी? मी काय उपाशी ठिवतोय का पोरीला? तूच तिला उपाशी मारायलीस!"

भांडण माझ्यावरून होतं, म्हणून मी भटारखान्यात गेले आणि खाल्लं. वहीत लिहिलं: आधीची पाच मिनिटं, आई-अण्णा. भूक, नाही.

पुढच्या आठवड्यात कमल आत्याला दवाखान्यातच ठेवून घेतलं. तिच्या हाताची शीर आता यंत्राला चालत नव्हती, मानेतून नळी घातली होती. अण्णा तिला बघायला गेले होते. मी खाली मॅडमसमोर बसले होते. दार उघडलं आणि अण्णा न विचारता आत येऊन खुर्चीवर बसले. टोपी हातात धरून.

मॅडमनी उपदेश केला नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्या लहानपणी घरात काय शिजायचं?"

अण्णांनी टोपी मांडीवर ठेवली. मग बोलायला लागले. आमचे आजा-आजी ऊसतोडीला जायचे, हे मला माहीत होतं. पण पुढचं मी पहिल्यांदा ऐकलं.

"सहा महिने कोपीवर, पाचटाच्या झोपडीत. मायबाप अंधारात ऊस तोडायला फडाला जायचे. मी नऊ वर्साचा, कमल चार वर्साची. भाकरी एकच असायची ठिवलेली. ती खाल्ली की दुपारपासून कमल रडायची. मी तिला ऊस सोलून द्यायचो. चोखून चोखून तिचे व्हट फाटायचे, रगत यायचं, तरी मागायची." ते थांबले. "तवाच ठरवलं मॅडम, माझं मानूस उपाशी राहनार न्हाई. तिचं लगीन झालं तरी दर आठवड्याला गेवराईला डबा धाडायचो. रबडीचा. तिला साखर निघाली तरी धाडायचो. ती बी न्हाई म्हनायची न्हाई. मी धाडलाय म्हनून खायची."

 मी माझ्या वडिलांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. ते आवाज न करता रडत होते.

"त्यांचा आजार तुमच्यामुळे झाला असं कुणी म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण हिला खायला देण्याशिवाय तुम्ही दुसरं काय देऊ शकता?"

अण्णांनी खरंच विचार केला. "मला दुसरं काय येत न्हाई," ते म्हणाले.

त्या दिवसापासून अण्णा संध्याकाळचं जेवण आमच्याबरोबर घरी जेवायला लागले. टीव्ही बंद. काय बोलावं ते कुणालाच कळायचं नाही. पहिले पंधरा दिवस आम्ही तिघं नुसते चावल्याचे आवाज ऐकत होतो.

तेरावा

कमल आत्या गेली तेव्हा माझे अकरा किलो उतरले होते. मी अकरावीत होते. फोन आला तेव्हा आम्ही चालून नुकतेच आलो होतो.

गेवराईला तेराव्याला पंगती बसल्या. बुंदी, पुरी, वांग्याची भाजी. मी बसले. वाढणाऱ्याने आणखी वाढू का विचारलं, मी हो म्हणून मान हलवली. त्याने परत विचारलं, मी परत मान हलवली. समोर फोटोत आत्या हार घालून बसली होती. मी किती खाल्लं ते वहीत नाही, कारण वही त्या दिवशी बंद झाली ती अडीच महिने उघडली नाही. मला वाटायचं, काय उपयोग? जे व्हायचं ते रक्तातच आहे. आत्याच्या घरात, अण्णांच्या घरात. माझी पाळी कधी येते एवढाच प्रश्न आहे.

नऊ किलो परत आले. गुरुवारी मी एसटीत बसायचे आणि बीडला उतरून बसस्टँडवरूनच परतीची गाडी धरायचे. आईला सांगायचे, मॅडम भेटल्या.

एक दिवस मॅडमचाच फोन आला. त्यांनी काहीच विचारलं नाही. "वही घेऊन ये. कोरी असली तरी चालेल. आणि येताना शेवटचं पान वाच."

शेवटच्या पानावर माझंच अक्षर होतं. सुरुवातीच्या महिन्यांत कधीतरी त्यांनी ते माझ्याकडून लिहून घेतलं होतं आणि मी विसरून गेले होते. 'मी एक दिवस सगळं सोडून देईन. तेव्हा मला वाटेल की सगळं वाया गेलं. तेव्हा उपास करायचा नाही. पुढचं जेवण ताटात घेऊन, बसून जेवायचं. आणि गुरुवारी जायचं.'

मी ते पान वाचलं आणि मला राग आला. त्यांना आधीच माहीत होतं की मी घसरणार. नंतर त्याच गोष्टीचा धीर वाटला. घसरणं हे त्यांच्या हिशेबात होतं. माझ्याच नव्हतं.

गुरुवारी गेले. मॅडमनी फक्त एवढंच म्हटलं, "बस. आत्याबद्दल सांग." त्या दिवशी वजनाचा शब्दही निघाला नाही.

त्यानंतर

त्यानंतरची तीन-चार वर्षं सांगण्यासारखी नाहीत, आणि हेच चांगलं आहे. तोच चहा, तीच दहा मिनिटं, तीच बसून जेवायची सवय. दर गुरुवारचं महिन्यावर गेलं, मग तीन महिन्यांवर. बारावीनंतर वजन अठ्ठ्याहत्तरवर आलं आणि तिथेच राहिलं. मला आणखी उतरवायचं होतं. मॅडम म्हणाल्या, "टिकवणं हेच काम आहे. ते तू करते आहेस." टपरीवरची पोरं कामाला पांगली. परीक्षा आली, भांडण झालं, कुणी काही बोललं की माझे पाय अजून मागच्या दाराकडे वळतात. ते वळणं गेलेलं नाही. वळतात हे मला आता कळतं, एवढाच फरक.

अण्णांच्या पायाला गेल्या वर्षी चप्पल लागली. त्यांनी दोन महिने लपवलं. घरात वास यायला लागला तेव्हा आम्हाला समजलं. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. आता ते गोळ्या घेतात, चालताना थोडे कलतात.

आणि गेल्या महिन्यात माझी नेहमीची तपासणी होती. साखर ठीक. रक्तदाब ठीक. वजन तेच. लघवीच्या कागदावर एका ओळीखाली डॉक्टरांनी रेघ ओढली.

"प्रोटीन दिसतंय. थोडं आहे."

मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे. मूत्रपिंडाच्या बिघाडाची ती पहिली खूण असू शकते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी माझा चेहरा पाहिला असावा. "एकदा असं येऊ शकतं," ते म्हणाले. "ताप, दगदग, कशानेही येतं. तीन महिन्यांनी परत बघू. आत्ताच काही ठरवू नको."

मी बाहेर आले आणि दवाखान्यासमोरच्या बाकावर बसले. दुपारचे तीन वाजले होते. समोर वड्यांची गाडी होती, तेलाचा वास येत होता. सगळं नीट केलं होतं मी. वास आणखी जवळ येत होता. मी उठले. परत बसले. मग अण्णांना फोन लावला आणि काय निघालं ते सांगितलं.

 मग त्यांनी तेच विचारलं जे ते आयुष्यभर विचारत आले. "जेवलीस का?"

"जेवलेय सकाळी. आता भूक नाहीये, अण्णा. भीती वाटतेय."

मला वाटलं, म्हणतील, ये घरी, तुझ्यासाठी काढून ठेवतो.

"तिथंच बस," ते म्हणाले. "मी येतो."

मांजरसुंब्याहून बीडला यायला त्यांना पाऊण तास लागला. गाडीवरून उतरून, एका पायावर थोडे कलत, ते रस्ता ओलांडून आले. हातात डबा नव्हता, पिशवी नव्हती, खिशात पुडाही नव्हता. ते माझ्या शेजारी बसले. आम्ही दोघं समोरची वाहतूक बघत राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर उताणे ठेवले, रिकामे, जणू त्यांचं काय करायचं ते त्यांनाच समजत नव्हतं. मग त्यातला एक उचलून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला.

दुसरी तपासणी अजून व्हायची आहे.